कावळ्याआधी जेवलेली

प्रिय सारिका,

हे पत्र उमेशच्या हाती पाठवतेय. तुझ्या बापाला वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे पाकीट चिकटवायची गरज नव्हती, तरी चिकटवलंय, भाताच्या शितांनी. रविवारच्या तुझ्या कार्यक्रमाआधी वाच. मोबाईलवर बोलून पाठवलं असतं, पण बोलायला लागले की मी दुसऱ्यावर घसरते आणि माझं सांगायचं राहून जातं. लिहिताना घसरायला समोर कुणी नसतं. आमच्या शाळेतल्या बाई 'न्हाई' लिहिलं की कान पिरगाळायच्या, म्हणून हातात पेन आलं की मी 'नाही' लिहिते. बोलते न्हाईच. चौथीच्या पुढं वाडीत शाळा नव्हती, आणि असती तरी मला कुणी धाडलं नसतं.

घरचं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. तुझी आई बरी आहे. आंबीच्या कंपनीतल्या कँटीनला पोळ्या लाटायला जाते, आणि घरी आल्यावर कुणी भाकरीचं नाव काढलं की अंगावर येते. भात पोटरीला आलाय. खालच्या वावरात रानडुकरं लोळून गेली, जणू त्यांच्याच बापानं लावलं होतं. तुझ्या भागुआजीच्या डोळ्यातला पडदा काढला. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे तिच्या सुनांचे हाल चाललेत.

आता त्या गाण्याचं. त्या दिवशी तू फोनवर किती हसत होतीस. आजी, तू तर जगभर झालीस म्हणालीस. मला आधी कळेना. मग तू सांगितलंस की मोबाईलवर मी दिसतेय, टायगर पॉइंटवर मक्याच्या शेगडीमागं उभी, पदर खोचलेला, दोन्ही कोपरं पंखासारखी हलवतेय आणि तोंडानं काव काव करतेय. बाजूला मुंबईची पोरं उड्या मारतायत, आणि त्यांच्या स्पीकरच्या पेटीतून तेच वाजतंय, 'कोण गं जेवली? चंपा जेवली!' लाखानं लोकांनी पाहिलं म्हणालीस. खरं आहे ते. पोरं म्हणाली, आजी करून दाखवा ना, मग कणसं घेतो. मी करून दाखवलं. मला वाटलं, तेवढीच पाहतील आणि खाली उतरून जातील. तू विचारलंस, आजी, तुला आवडतं का गं हे गाणं? मी म्हटलं, व्हय, लय आवडतं. आणि तुझ्याबरोबर हसले. फोन ठेवल्यावर शेगडीतले निखारे विझेपर्यंत मी तिथंच बसून होते. तुझे आबा वारले तेव्हाही मी असं अंग टाकलं नव्हतं.

तू त्या गाण्याचा माग काढत निघालीस ते मला आवडलं होतं, खोटं नाही बोलत. माझी नात एका गाण्यामागं गावोगाव फिरते, आणि लोक तिला चहा देतात, ही काय लहान गोष्ट नाही. तू सगळं मला सांगत गेलीस. आत्ता वाजतं ते तळेगावच्या कुठल्याशा डीजेवाल्यानं केलंय, त्यात खऱ्या कावळ्याचा आवाज घातलाय. त्याच्या आधी हिंदीतलं एक होतं, त्यात चंपाची कुणीतरी बेबी केली आणि जेवणाऐवजी तिला नाचायला लावली. त्याच्याही आधीचं बँडवाल्यांचं, नुसतं पिपाणीवर. आणि सगळ्यात जुनी ती कॅसेट, जत्रेतल्या पार्टीची. त्यात कावळा ओरडतो म्हणजे चंपाचा पाहुणा येणार, म्हणून चंपा आधीच जेवून, नटून बसलीय. मग तू उर्स्याला गेलीस आणि टोलनाक्याच्या मागं राहणाऱ्या धोंडिबा पेटीवाल्याला गाठलंस. म्हातारा इमानदार निघाला. गाणं आमच्या पार्टीनं रचलेलं नाही म्हणाला. मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा खडी वाहणाऱ्या बायका ते म्हणायच्या, तिथून उचललं, आणि पाहुण्याचं मधलं आपल्या पदरचं घातलं.

खरं बोलला. त्या बायकांत मी होते. भागूही होती. उन्हात घमेलं डोक्यावर घेऊन चालायचं तर काहीतरी तोंडात लागतं, आणि भागूच्या तोंडात गाणी शिजूनच असायची. तू तेव्हापासून मला विचारतेस, चंपा कोण? अख्खा महाराष्ट्र जिच्यावर नाचतो ती चंपा कोण? तर ऐक. चंपा आमची शेळी होती. काळी, एक शिंग मोडकं, दूध कमी आणि लाथा जास्त. खडीवर आजूबाजूच्या गावच्या बायका होत्या. त्यांच्यासमोर खरं नाव घ्यायचं भागूच्या जिवावर आलं, म्हणून तिनं तोंडाला येईल ते नाव घातलं, आणि तोंडाला शेळी आली. तुझ्या कागदात हे लिहायचं तर लिही. हिंदीवाल्यांना कळव.

खरं नाव कुठलं, ते सांगायला मला आमच्या गौरींचं सांगावं लागेल. तुम्ही आता गौरीला मोबाईलवर गाणी लावता. आमच्या वेळी उन्हं कलली की अंगणात फेर धरायचा, आणि त्या फेरात वाडीचं वर्षभराचं सगळं बाहेर काढायचं. कुणाचं दही दरवेळी फुटतं, कुणाचा नवरा सासुरवाडीला फार जातो, कुणी शेजारणीची कोंबडी आपल्या खुराड्यात झाकली, सगळं. न्यायनिवाडा नव्हता तो, नुसती धुलाई. पण तिलाही रीत होती. जिचं नाव निघेल तिनं राग धरायचा नाही, हात सोडायचा नाही, आणि तिथल्या तिथं एक कडवं जोडून उत्तर द्यायचं. कसंही चालेल, वेडंवाकडं. उत्तर आलं की गाणं फिटलं. पुढच्या साली ते कुणी म्हणत नसे, म्हणणारीला बाकीच्या गप्प करायच्या. पण उत्तर न देता जी हात सोडून निघून जाईल, तिचं गाणं तिच्या गळ्यात पडायचं. दर साली निघायचं, आणि ती समोर असो नसो, वाडीची पोरंसुद्धा म्हणायची.

त्या साली भागूनं नवं गाणं धरलं. माझी थोरली जाऊ ती, तेव्हा तिचा आवाज डोंगराच्या पलीकडं जायचा. शब्द असे होते:

कावळ्याआधी कोण गं जेवली?
झुंबर जेवली गं बाई, झुंबर जेवली.
सासरा आला सरगावरनं,
रिकामं पान हुंगून गेला.

झुंबर कोण, ते तुला सांगायला नको. माझ्या आधार कार्डाची तूच तर झेरॉक्स काढून आणलीस.

झालं होतं असं. आदल्या साली मी लग्न होऊन आले होते. पितरांची अवस होती. भात अजून वावरातच हिरवा, घरातले दाणे संपत आलेले. सगळ्या घराची गुजराण नाचणीच्या आंबिलीवर चाललेली, माझी एकटीची नव्हे. पण पितरांना कमी नको म्हणून सासूबाईंनी कुठून कुठून आणून वडे तळले, तांदळाची खीर केली. बायडाबाई नाव त्यांचं, तू फोटोत पाहिलीस ती. सासरे वारून पहिलीच अवस. पान वाढून माझ्या हातात दिलं आणि पडवीच्या छपरावर ठेवायला सांगितलं. धाकट्या सुनेचं काम ते. पान ठेवायचं, कावळ्याला हाक घालायची आणि कुत्रीकोंबड्या येऊ नयेत म्हणून राखण करायची. बाकी सगळं घर आत हात जोडून बसलेलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, हे तुला माहीत आहे.

मी हाका घातल्या. कावळा काही येईना. वड्यांची वाफ नाकाशी येत होती. मी एक खाल्ला. मग दुसरा. मग खीर बोटांनी, आणि शेवटी पान चाटून छपरावर होतं तसं ठेवलं. तोवर कावळा आला. पानावर बसला, इकडं तिकडं पाहिलं आणि असा ओरडला की पाचपन्नास भाऊबंद गोळा झाले. तो गलका ऐकून सासूबाई बाहेर धावल्या. त्यांनी पाहिलं तर पान लख्ख, आणि छप्पर कावळ्यांनी काळं. त्यांनी तिथंच जमिनीला डोकं टेकलं. धनी पोटभर जेवले म्हणाल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. मी बाजूला उभी, हात पाठीमागं. माझ्या हनुवटीला खिरीचं शीत चिकटलेलं एकट्या भागूनं पाहिलं. तिनं पदरानं ते पुसलं.

पुढं वर्षभर सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या. पाणवठ्यावर, बाजारात, कुणाच्या मयताला गेल्या तरी. आमच्या धन्यानं पान चाटून पुसून ठेवलं, एवढा तृप्त कुणाचा पितर झाला नसेल. हयातीत दोघांचं फारसं गोड नव्हतं, म्हणून त्यांना ते जास्तच लागलं असेल. मी ते ऐकायची. पहिल्यांदा भीती वाटली, मग सवय झाली, आणि मग तर मीसुद्धा मान डोलवायला लागले.

आणि मग गौरीचा तो फेर. भागूनं गाणं धरलं, बायका हसून लोळायला लागल्या. वाडीला एवढं हसायला कितीतरी सालांत मिळालं नव्हतं. एक कडवं, सारिका. 'भूक लागली गं बाई' एवढं जरी सुरात म्हटलं असतं तरी चाललं असतं, हसून सोडून दिलं असतं, आणि ते गाणं तिथंच मेलं असतं. मला सुचतही होतं, जीभ तेव्हाही काही बोथट नव्हती. पण समोर उंबऱ्यात सासूबाई बसलेल्या. त्या हसत नव्हत्या. रागही नव्हता तोंडावर. नुसतं, कुणी हातातलं काढून घ्यावं तसं झालं होतं त्यांचं तोंड. मी हात सोडला आणि गोठ्यात जाऊन उभी राहिले. आज जे तुझ्या कानात, लग्नाच्या मांडवात, पॉइंटवर वाजतंय, ते मी हात सोडला म्हणून. धोंडिबानं नाही, डीजेवाल्यानं नाही. मी जगवलं त्याला.

सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. ना त्या दिवशी, ना मरेपर्यंत. फक्त पुढल्या अवसेपासून त्यांनी एक नवं केलं. वडे तळून झाले की पहिला वडा त्या सगळ्यांसमोर माझ्या हातावर ठेवायच्या, आणि मग पितरांचं पान वाढायच्या. म्हणायच्या, "आधी हिला द्या." दर साली. उमेश झाल्यावरही, मला पांढरे केस आल्यावरही. मी खायची. ती माया होती की टोमणा होता, ते मला आजवर उलगडलेलं नाही. विचारायला पाहिजे होतं. सगळ्या जगाला मी विचारते, त्यांना नाही विचारलं.

भागूचं म्हणशील तर तिनं ते गाणं रचलं आणि मग जन्मभर ते झाकत फिरली. तुझ्या बापाच्या लग्नातलं सांगते. कॅसेट नुकतीच आलेली, लोणावळ्याच्या बँडवाल्यांनी वरातीत तेच धरलं. पोरांना काय माहीत. वरमाईला नाचवा, वरमाईला नाचवा म्हणून मला पुढं ओढली. हिरवी साडी नेसलेली, नाकात नथ, आणि पिपाणी म्हणतेय, झुंबर जेवली गं बाई. शब्द नव्हते, पण मला ऐकू येत होते. तेवढ्यात भागूनं केस सोडले आणि घुमायला लागली. असं अंगात आलं तिच्या, की बँड थांबला, बायका लिंबू घेऊन धावल्या, कुणी हळदकुंकू वाहिलं, बँडवाला टोपी काढून पाया पडला. मी सावरायला वाकले तर डोळे मिटल्या मिटल्या ती माझ्या कानात म्हणाली, चल आता पुढं, माझी कंबर धरलीय. तिच्या अंगात त्याआधी कधी काही आलं नव्हतं, आणि नंतरही आलं नाही.

आणि म्हणून ती गेल्या महिन्यात तुझ्याशी खोटं बोलली. तू मोबाईल पुढं धरून तिला विचारलंस, खऱ्या गाण्यातली बाई कोण होती. तिनं सांगितलं की नाव विसरले, पण बिचारी पोटुशी होती, सासरी उपाशी ठेवायचे, पोटातल्या लेकरासाठी तिनं पितराच्या पानाला हात घातला. तुझे डोळे भरून आले म्हणे. तू ते लिहून काढलंस आणि मला फोनवर वाचून दाखवलंस. रविवारी लोणावळ्याच्या हॉलमध्ये आधी सगळ्या तऱ्हेचं गाणं वाजवणार, पोरं हसतील, आणि मग दिवे कमी करून तू हे वाचणार, आणि ती हसणारी माणसं गप्प होतील. छान लिहिलंयस. मला पहिल्या रांगेत बसायला सांगितलंस, आणि मी हो म्हटलं.

मी तशीच उठून भागूकडं गेले. दारात तांदूळ पाखडत होती. भरपूर बोलले तिला, ते लिहिण्याजोगं नाही. तिनं सूप खाली ठेवलं नाही. एवढंच म्हणाली, "लोक हसत्यात, त्यापरीस रडू दे की. तुला काय जड जातंय?" मला उत्तर आलं नाही. दोन रात्री घातल्या त्यावर. आता येतंय, ते तुला लिहिते.

सारिका, मी पोटुशी नव्हते. उमेश त्यानंतर दोन सालांनी झाला. मला सासरी कुणी उपाशी ठेवलं नाही. सासूबाईंनी खाल्ली तीच आंबील त्या सकाळी मीही खाल्ली होती, उलट माझ्या वाडग्यात घट्ट होती. तू जे वाचणार आहेस, त्यात त्या बाईला लोक वाईट म्हणतील, आणि तिनं तर जन्मभर पहिला वडा माझ्या हातावर ठेवला. माझ्यावर हसलेलं मी सोसलं, टायगर पॉइंटवर स्वतःच पंख हलवून दाखवले, आणखीही हलवीन. पण एका मेलेल्या बाईच्या जिवावर माझ्यासाठी रडलेलं मला सोसायचं नाही. म्हणून लिहितेय. तो कागद फाड. दिवे कमी करू नको. सरळ सांग की एक पोरगी होती, तिला वड्याचा वास आला, वडा तिला पाहिजे होता, तिनं खाल्ला. चांगला झाला होता. आणि सासू तिची भोळी होती आणि तिच्यापेक्षा बरी होती, हेही सांग. चंपा म्हणू नको, नाव घे. कुणी विचारलं की पुढं तिचं काय झालं, तर म्हणावं काही नाही झालं, म्हातारी झाली, ही काय पहिल्या रांगेत बसलीय.

तुझीच आजी,
झुंबर